बेसबॉलच्या बातमीत खेळ कुठं असतो?

टोरांटोच्या आयझाया किनर-फलेफानं तिसऱ्या बेसवरनं लीड किती घ्यायला पाहिजे होती, म्हणजे पळायच्या आधी बेस सोडून किती पुढं उभं राहायला पाहिजे होतं, यावरनं आमच्यात अजून वाद चालू आहे. वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलची फायनल, संपून महिना होत आला तरी रविवारी सकाळी सांगलीत विश्रामबागेत सरांच्या घरी चहा झाला की कुणीतरी तो विषय काढतंच, आणि मग अकरा कधी वाजले ते कळत नाही.

आम्ही म्हणजे कोण ते आधी सांगते. सर आमचे सॉफ्टबॉलचे कोच, आता रिटायर. मी त्यांच्या टीमची कॅचर (बॅटरच्या मागं बसून बॉल पकडणारी) होते, आमच्या वेळच्या दोघी-तिघी अजून सांगलीतच आहेत त्या येतात. मिरजेचा एक डॉक्टर आहे, तो शिकायला अमेरिकेत होता तिथं त्याला हा नाद लागला. मार्केट यार्डातले एक हळदीवाले काका आहेत, त्यांचा पोरगा टोरांटोत असतो, पोराशी फोनवर बोलायला काहीतरी विषय पाहिजे म्हणून त्यांनी तिथली बेसबॉल टीम ब्लू जेज बघायला सुरुवात केली आणि आता पोरापेक्षा त्यांनाच जास्त माहिती असते. आणि माझी पुतणी, कॉलेजात आहे, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फिल्डर) खेळते. बोलते कमी, पण बोलली की आम्ही सगळे ऐकतो.

ज्यांनी मॅच बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टोरांटो ब्लू जेज विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स, सातवी मॅच, टोरांटोत, आपल्याकडं २ नोव्हेंबर २०२५ चा रविवार, पहाटे साडेपाचला सुरू. दोन्ही टीमनी तीन-तीन जिंकलेल्या. बो बिशेटच्या तीन रनांच्या होमरनमुळं (आपल्या सिक्सरसारखा फटका) टोरांटो बराच वेळ पुढं होती. नवव्या, म्हणजे नेहमीच्या शेवटच्या इनिंगला डॉजर्सचे शेवटचे दोन आउट काढायचे राहिले होते, तेवढ्यात मिगेल रोहासनं होमरन मारून ४-४ केलं. ३६ वर्षांचा माणूस, फिल्डिंगसाठी नावाजलेला, त्याच्याकडून होमरनची कुणी अपेक्षा पण करत नाही. मग टोरांटोची बॅटिंग. एक आउट, तिन्ही बेस भरलेले, एक रन आली की १९९३ नंतर पहिल्यांदा ट्रॉफी. तिसऱ्या बेसवर किनर-फलेफा, बिशेटच्या जागी मुद्दाम पळायला आणलेला. डाल्टन वार्शोनं सेकंड बेसकडं ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका) मारला, परत तोच रोहास, तोल जाता जाता बॉल उचलून त्यानं होमला (बॅटरजवळची प्लेट, तिथं पोचलं की रन) फेकला, कॅचर विल स्मिथनं घेतला, किनर-फलेफा घसरत आला आणि आउट. अंतर म्हणाल तर काही इंच. पुढं अकराव्या इनिंगला स्मिथनंच होमरन मारली आणि ५-४ नं डॉजर्स जिंकले.

आता दुसऱ्या दिवसापासून जे काही वाचायला मिळालं, त्यात सूर एकच. हा बेसला चिकटून का उभा होता? एक पाऊल पुढं असता तर? म्हणजे ७ मॅचची सिरीज, त्यातली एक १८ इनिंगची, पन्नासेक खेळाडूंचे निर्णय त्यात, आणि शेवटी सगळं एका माणसाच्या एका पावलावर आणून ठेवलं. काकांचा पोरगा तर म्हणाला की तिथं रेडिओवर लोक फोन करून करून तेच बोलत होते.

किनर-फलेफानं स्वतः सांगितलं की आम्हाला बेसजवळ राहायला सांगितलं होतं, जोरात लाइन ड्राइव्ह (हवेतनं सरळ जाणारा फटका) बसला आणि कॅच झाला तर डबल प्ले (एका फटक्यात दोन आउट) व्हायला नको म्हणून. आता हे खरं का खोटं बघायला फार लांब जायला लागत नाही, आदल्या दिवशीची सहावी मॅच बघायची. तिथं नवव्या इनिंगला ॲडिसन बार्गरचा फटका भिंतीच्या तळाशी गादीखाली जाऊन अडकला, बॉल डेड, त्यामुळं रन होणार ती थांबली आणि सेकंड-थर्डवर माणसं राहिली. मग आंद्रेस हिमेनेझचा फटका लेफ्टला, कीके हर्नांडेझ पुढं पळत आला, कॅच घेतला आणि तसाच सेकंडला फेकला. बार्गर बेस सोडून पुढं आलेला, परत जाईपर्यंत आउट. मॅच तिथंच संपली. चोवीस तासांपूर्वी ज्या टीमची मॅच अशी संपली ती टीम दुसऱ्या दिवशी रनरला बेस सोडू नको म्हणणारच की.

सर म्हणाले, "कोचनं सांगितलेलं ऐकलं पोरानं. त्याला कशाला शिव्या घालताय?"

"सर, पण वर्ल्ड सिरीज हाय की वो ती," काका म्हणाले, "एक पाऊल मागालोय मी, जास्त काय मागतोय का?"

"काका, तिसऱ्या बेसचा फिल्डर पण बेसजवळच होता ना," डॉक्टर म्हणाला. मॅक्स मन्सी जवळ असल्यावर रनरला लांब जाऊन उभं राहता येत नाही, हा मुद्दा बरोबर आहे. पण मग पुतणी बोलली. ती म्हणाली, "आम्हाला सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातातनं बॉल सुटेपर्यंत बेस सोडताच येत नाही, लवकर सोडला तर आउट. म्हणजे आमची लीड सगळी बॉल सुटल्यावरची. मला त्यानं बॉल सुटल्यावर काय केलं ते बघायचंय, आधी कुठं उभा होता ते नाही."

मग आम्ही ती क्लिप हळू करून करून बघितली. बॉल टाकताना रनर जी दोन उड्या घेतो त्या, बॉल बॅटला लागला तेव्हा त्याचं वजन कुठल्या पायावर होतं ते, आणि ग्राउंडर आहे हे कळल्यावर पहिलं पाऊल कधी पडलं ते. यावर बोलायला बसलो आणि पंधरा मिनिटांत काकांचा सूर बदलला. त्यांचं मत बदललं असं नाही, ते अजून म्हणतात पाऊल पाहिजे होतं, पण आता ते रोहासच्या फेकीबद्दल पण बोलतात. तोल गेलेला असताना खांदा होमकडं वळवून सरळ छातीच्या उंचीवर बॉल टाकणं म्हणजे काय, हे सरांनी त्यांना अंगणात उभं राहून दाखवलं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त काय बघावं वाटतं तर विल स्मिथचा पाय. तिन्ही बेस भरलेले असले की होमला फोर्स असतो, रनरला बॉल लावायची गरज नाही, कॅचरच्या हातात बॉल आणि पाय प्लेटवर, बास. पण बॉल येताना कॅचर ताणला जातो, अंग वर उचललं जातं, आणि पाय आपोआप सुटतो. स्मिथचा सुटला. आणि रनर यायच्या आत त्यानं तो परत टेकवला. ज्यांनी कधी कॅचरचं गियर घालून उन्हात बसून खेळलंय त्यांनाच कळेल की त्या वेळी डोळे बॉलवर असतात, प्लेट दिसत नसते, पायानं चाचपून ती शोधायची असते. हे सरावानं येतं, हजार वेळा केल्यावर. रिप्लेमध्ये अंपायरांनी ते तपासलं आणि आउट कायम ठेवला. वर्ल्ड सिरीज त्या टाचेवर फिरली असं मी म्हणेन, पण मी वाचलेल्या बातम्यांत त्याला एखादी ओळ, आणि किनर-फलेफाला रकानेच्या रकाने. चुकलेल्या माणसावर लिहायला सोपं असतं. ज्यानं बरोबर केलं त्यानं काय केलं हे लिहायला खेळ कळायला लागतो.

आणि त्याच रविवारचं बघा ना. सकाळी ही मॅच, आणि संध्याकाळी नवी मुंबईत आपल्या पोरींची वर्ल्डकप फायनल. आपली स्मृती, सांगलीची, ४५ करून गेली, शेफालीचे ८७, दीप्तीच्या ५ विकेट, ५२ रन्सनी जिंकलो. रात्री सांगलीत काय वातावरण होतं ते सांगायला नको. पण मी वेगळं सांगते. दुसऱ्या दिवशी भाजी घ्यायला गेले तर भाजीवाल्या मावशी अमनजोतच्या कॅचबद्दल बोलत होत्या. वोल्वार्ट १०१ वर खेळत होती, बॉल उंच गेला, अमनजोतच्या हातातनं सुटला, परत उडाला, तिसऱ्या वेळी धरला. मावशी हातवारे करून दाखवत होत्या. हे कशामुळं झालं? तो कॅच परत परत दाखवला, त्याच्यावर लिहिलं, कॉमेंट्रीत सांगितलं, कुठल्या बाजूनं पळत आली ते सांगितलं. खेळ लोकांपर्यंत पोचला म्हणून लोक खेळावर बोलले. बक्षिसाची रक्कम पण आली बातम्यांत, यायलाच पाहिजे, पण आधी कॅच आला.

बेसबॉलचं आपल्याकडं काय येतं? डॉजर्सच्या ओहतानीला १० वर्षांचे ७० कोटी डॉलर. हुआन सोटोला १५ वर्षांचे साडेशहात्तर कोटी. रुपयांत केवढे होतात त्याचा हिशोब. बास. ओहतानीनं १७ ऑक्टोबरला मिलवॉकीविरुद्ध एकाच मॅचमध्ये पिचिंग करून १० जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक टाकून आउट) केलं आणि त्याच मॅचमध्ये ३ होमरन मारल्या, हे आमच्या ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं, पण ७० कोटी सगळ्यांना माहीत. पिचर म्हणून एकही रन दिली नाही त्यानं. डॉजर्सचाच पिचर यामामोटो वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या मॅचला ९६ पिच टाकून दुसऱ्या दिवशी परत सातव्या मॅचला आला आणि शेवटपर्यंत पिचिंग केली. मी मॅच बघताना अक्षरशः उभी होते. शेवटचा डबल प्ले, मुकी बेट्सनं ग्राउंडर उचलला, स्वतः सेकंडवर पाय ठेवला आणि फर्स्टला फेकला. स्कोअरबुकात ६-३ (प्रत्येक जागेला आकडा असतो, शॉर्टस्टॉप ६, फर्स्ट बेस ३). एवढंसं लिहिलं की ज्याला वाचता येतं त्याच्या डोळ्यासमोर आख्खा प्ले उभा राहतो.

आता दुसरी बातमी जी आपल्याकडं पण आली, ती बेटिंगची. नोव्हेंबरमध्येच क्लीव्हलँडचे दोन पिचर, इमॅन्युएल क्लासे आणि लुइस ओर्टिझ, यांच्यावर न्यूयॉर्कमध्ये केस झाली. आरोप असा की कसला पिच टाकणार, किती स्पीडनं टाकणार हे आधीच बाहेर सांगायचे आणि बाहेरचे त्यावर पैसे लावायचे. दोघांनी आरोप नाकारलेत, कोर्टात काय ते होईल. पण यात मला जे जास्त लागलं ते म्हणजे एका पिचवर पैसे लावता येतात ही गोष्ट. मॅच कोण जिंकणार राहू दे, पुढचा एक बॉल कसा पडणार यावर. केसनंतर आता अशा एका पिचवरच्या बेटला २०० डॉलरची मर्यादा घातली म्हणे.

यावर आमच्याकडं डॉक्टर एकदम तापला. त्याचं म्हणणं, मॅच दाखवताना मधे बेटिंगच्या जाहिराती, स्टुडिओत बसलेले लोक भाव सांगतायत, आणि मग पिचर सापडला की तेच लोक गंभीर चेहरा करून खेळाच्या पावित्र्याबद्दल बोलणार. "ज्यांचं दुकान त्याच्यावर चालतंय ते त्याची बातमी कशी करणार?" असं तो म्हणाला. मला पटतं त्याचं. आपल्याकडं ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर कायदा आला, क्रिकेट टीमच्या जर्सीवरचं नाव सुद्धा गेलं, त्या आधी मॅच बघताना दर ओव्हरला काय जाहिराती असायच्या आठवतंय ना. घराघरातली पोरं त्यात होती. मी जिथं राहते तिथल्या एका घरात काय झालं ते मला माहिती आहे, ते लिहीत नाही, पण म्हणून ही बातमी माझ्यासाठी लांबची नाही.

चॅनेलच्या वाटण्या पण झाल्या नुकत्याच. २०२६ ते २०२८ साठी रविवार रात्रीची मॅच एनबीसीकडं, होमरन डर्बी (होमरन मारायची स्पर्धा) आणि सीझनची पहिली मॅच नेटफ्लिक्सकडं, आणि एमएलबीचं (तिकडची मुख्य बेसबॉल लीग) स्वतःचं स्ट्रीमिंग ईएसपीएनकडं. काकांचा पोरगा म्हणतो सगळं बघायचं तर दहा ठिकाणी पैसे भरा. ज्या लोकल चॅनेलवर गावातली टीम वर्षभर दिसायची ती चॅनेलं चालवणारी कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सनं आपला खेळाचा विभाग बंद करून ते काम दी ॲथलेटिक या आपल्याच खेळाच्या वेबसाइटकडं दिलं. म्हणजे रोज टीमबरोबर फिरणारा, ड्रेसिंगरूममध्ये जाऊन प्रश्न विचारणारा माणूस कमी होत चाललाय, आणि क्लिप बघून मत देणारे वाढलेत. तिकडंच अशी गत असेल तर आपल्यापर्यंत काय येणार.

सरांनी मागं एकदा हेन्री चॅडविकबद्दल सांगितलं होतं. इंग्लंडमध्ये जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटच्या बातम्या लिहायचा, आणि मग बेसबॉलच्या प्रेमात पडला. बॉक्स स्कोअर (मॅचचा आकड्यांचा तक्ता) आजच्या रूपात आणण्यात त्याचा मोठा वाटा. १९३८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतलं त्याला, खेळाडू म्हणून नाही. क्रिकेटचा स्कोअर लिहिणाऱ्या माणसानं बेसबॉलला वाचायला शिकवलं, म्हणजे मुळात क्रिकेट समजणाऱ्या लोकांना हे जड जायचं काही कारणच नाही. आम्हा सांगलीकरांना तर अजिबात नाही, इथल्या शाळांतनं सॉफ्टबॉल कित्येक वर्षं खेळला जातोय, गल्लीत एखादी तरी राज्यपातळीवर खेळलेली सापडतेच.

आणि इथं माझं खरं दुखणं आहे. मध्यंतरी पुतणीच्या टीमनं आंतरमहाविद्यालयीन फायनल जिंकली. शेवटच्या इनिंगला एका रनची आघाडी, बेसवर दोघी, आणि हिनं उजवीकडं सूर मारून ग्राउंडर अडवला, बसूनच सेकंडला दिला, तिथनं फर्स्टला. ६-४-३, डबल प्ले, मॅच खलास. मी तिथं होते, माझा आवाज बसला ओरडून. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. प्रमुख पाहुणे कोण, अध्यक्ष कोण, ट्रॉफी कुणाच्या हस्ते, आभार कुणी मानले, सूत्रसंचालन कुणी केलं. फोटोत पुढच्या रांगेत पाहुणे, पोरी मागं. स्कोअर नाही. कुणाविरुद्ध जिंकलो ते नाही. पिचरचं नाव नाही. पोरीनं ती बातमी दोनदा वाचली आणि घडी करून ठेवली, काही बोलली नाही.

मी त्या पेपरातल्या माणसाला फोन केला. भला माणूस आहे, तो म्हणाला, "ताई, आम्हाला प्रेसनोट आली तशी लावली, मॅचचं काय आलंच नाही त्यात, माणूस पाठवायचा म्हटलं तर आमच्याकडं माणूस कुठाय?" खरं आहे त्याचं. प्रेसनोट लिहिणाऱ्यानं पाहुणे लिहिले कारण पाहुणे नाराज होतात. पोरी नाराज झाल्या तर कुणाचं काय बिघडतं.

तर आता आम्हीच ठरवलंय. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये होणाऱ्या सॉफ्टबॉल आणि बेसबॉलच्या मॅचना जमेल तिथं आमच्यातलं कुणीतरी स्कोअरबुक घेऊन जाणार, आणि संध्याकाळपर्यंत बातमी लिहून पेपरला देणार. पहिल्या ओळीत निकाल, मग मॅच कुठल्या इनिंगला फिरली, कुणी फिरवली, पिचरनं किती स्ट्राइकआउट काढल्या, आणि खाली छोटा बॉक्स स्कोअर. पाहुण्यांची नावं पण देऊ, शेवटच्या ओळीत. त्या भल्या माणसानं सांगितलंय की दीडशे शब्दांत बसवा, मी लावतो. पहिली बातमी लागली सुद्धा, बॉक्स स्कोअर कापला त्यांनी, पण पिचरचं नाव आणि तिच्या ९ स्ट्राइकआउट छापून आल्या. तिच्या वडलांनी पेपरच्या पाच प्रती घेतल्या असं कळलं.

पुतणी स्कोअरिंग शिकतीय सरांकडं. काका पण शिकतायत, त्यांना फील्डर्स चॉइस (फिल्डरनं दुसऱ्याच रनरला आउट करायला जाणं) आणि एरर (फिल्डरची चूक) यातला फरक अजून पटत नाही, त्यावर परत वेगळी भांडणं. २०२६ पासून तिकडं पिच बॉल होता का स्ट्राइक हे मशीनला विचारायची सोय येतेय, बॅटर, पिचर नाहीतर कॅचरनं डोक्यावर हात आपटायचा, टीमला दोन चॅलेंज. मी कॅचर असल्यामुळं मला यावर भरपूर बोलायचंय, अंपायरसमोर ग्लोव्ह कसा धरायचा ही आमची आख्खी विद्या आहे, पण ते पुढच्या पोस्टला.

एक मागणं आहे. सातारा-सांगली-कोल्हापूरकडं ज्या कुणी सॉफ्टबॉल खेळल्यात, त्यांच्या घरी माळ्यावर जुन्या मॅचची स्कोअरशीट, सर्टिफिकेटं, टीमचे फोटो असतील तर फोटो काढून मला पाठवा. आमच्या सरांकडची बरीच कागदं २०१९ च्या पुरात गेली. कुठल्या साली कोण जिंकलं, पिचर कोण होती, फायनल कुठल्या ग्राउंडवर झाली, एवढं जरी कळलं तरी चालेल, बाकीचं सरांना तोंडपाठ आहे, ते सांगतील तसं मी लिहून काढते.